आपला बस स्टॉप सुधारायचाय? मग सुरुवात शेल्टरपासून करू नका

बस स्टॉपबद्दल तक्रार म्हटली की आपल्याकडे पहिली मागणी नव्या शेल्टरची होते. छप्पर हवं, स्टीलचं बाकडं हवं, आणि ज्यांच्या निधीतून झालं त्यांच्या नावाची पाटी तर न मागता येते. शेल्टर होतंही, फोटो निघतात, आणि बस मात्र पूर्वीसारखीच कडेपासून दोन मीटर लांब, भर रस्त्यात थांबते. मग आजी आधी फूटपाथवरून खाली उतरणार, डावीकडून घुसणाऱ्या बाइकवाल्याला हात दाखवणार, आणि तिथून बसची उंच पायरी चढणार. पैसे खर्च झाले आणि अडचण जिथे होती तिथेच.

माझं म्हणणं एवढंच आहे की स्टॉप चांगला की वाईट हे दोनच गोष्टींवर ठरतं: बस कडेला लागते का, आणि माणूस त्या कडेपर्यंत न अडखळता पोचतो का. छप्पर, बाक, लाइट, डिजिटल बोर्ड सगळं त्याच्यानंतर. आणि हे फक्त व्हीलचेअरवाल्यांसाठी किंवा म्हाताऱ्यांसाठी नाहीये बरं का. बस नीट कडेला लागली की सगळ्यांचंच चढणं-उतरणं पटकन होतं. समजा प्रत्येक स्टॉपला दहा सेकंद वाचले आणि रूटवर तीस स्टॉप आहेत, तर एका फेरीत पाच मिनिटं वाचली, तेही एकही नवी बस न घेता.

खाली जे लिहिलंय ते सोसायटी, एएलएम (महापालिकेकडे नोंदवलेला रहिवाशांचा गट), कॉलेजचा ग्रुप किंवा अगदी तीन-चार शेजारी मिळून करता येईल असं आहे. इंजिनिअर असायची गरज नाही. मेजर टेप, वही आणि थोडा चिवटपणा लागतो.

पहिलं काम, स्टॉप निवडणं

आपल्या बिल्डिंगखालचाच स्टॉप घ्यायचा मोह होतो, तो जरा बाजूला ठेवा. जिथे चालायला-बघायला-ऐकायला त्रास असलेली माणसं जास्त येतात तो स्टॉप आधी घ्या, कारण तिथे फरक लगेच दिसतो आणि ऑफिसात जाऊन भांडायला मुद्दाही पक्का असतो. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे, वरळीला नॅबचं, म्हणजे अंधांसाठीच्या राष्ट्रीय संघटनेचं ऑफिस आहे, वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग श्रवण संस्था, ताडदेवला व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळा, परळला केईएम आणि टाटा एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर. उपनगरात असाल तर जवळचं महापालिकेचं हॉस्पिटल, शाळा, नाहीतर स्टेशनबाहेरचा गर्दीचा स्टॉप. आणि एका वेळी एकच स्टॉप घ्या, फार तर समोरच्या बाजूचा त्याचा जोडीदार. संपूर्ण वॉर्डची यादी घेऊन गेलात की ती यादी फाइलीत जाते.

दुसरं, नुसतं उभं राहून बघायचं

हा भाग सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात महत्त्वाचा. सकाळच्या गर्दीत एकदा, दुपारी एकदा, संध्याकाळी दिवे लागल्यावर एकदा, आणि जमलं तर धो-धो पावसात एकदा. प्रत्येक बससाठी वहीत एक ओळ लिहा: नंबर, वेळ, खांबापाशी थांबली की पुढे-मागे, कडेपासून अंदाजे किती लांब, किती वेळ उभी राहिली, आणि लांब थांबली तर का.

हा शेवटचा 'का' सोडू नका. आपण पटकन म्हणतो ड्रायव्हर माजलेत, स्टॉपवर घेत नाहीत. पण तासभर उभं राहिलात तर दिसेल की खांबाच्या अलीकडे दोन रिक्षा, एक टेम्पो, पुढे नारळपाणीवाला, आणि ह्या सगळ्यात १२ मीटरची बस कडेला घालायची कुठून? बस आडवी सरकत नाही. तिला कडेला समांतर लागायला मागे आणि पुढे दोन्हीकडे रिकामी जागा लागते. बाहेरच्या शहरांच्या डिझाइनच्या पुस्तकांत १२ मीटरच्या बसला रस्त्याच्या मधल्या स्टॉपवर साधारण ३५ ते ४५ मीटर मोकळी कड धरतात, आणि सिग्नल ओलांडल्यानंतरच्या स्टॉपवर २७ मीटरच्या आसपास, कारण तिथे चौकाचीच मोकळी जागा बसला वळायला मिळते. आपल्याकडे दहा मीटर मिळाली तरी नशीब. त्यामुळे ड्रायव्हर नाक थोडं आत घालतो, शेपूट बाहेर ठेवतो, मागचं दार रस्त्यात उघडतं आणि मागे हॉर्न सुरू होतात.

कधी कधी कारण वेगळंच असतं. कडेची गटाराची जाळी खचलेली असते आणि चाक त्यात जाऊ नये म्हणून ड्रायव्हर लांब राहतो. किंवा झाडाची फांदी डबल डेकरच्या काचेला लागते. किंवा कडेला पाणी साचतं आणि लोकच पाण्याच्या पलीकडे रस्त्यात जाऊन उभे राहतात, मग बस त्यांच्यापाशी थांबते. प्रत्येक कारणाचा उपाय वेगळा आणि ऑफिसही वेगळं, म्हणून लिहून ठेवा. ड्रायव्हर-कंडक्टरशी बोला, पण शेवटच्या स्टॉपवर किंवा डेपोच्या बाहेर, चहाच्या वेळेत. गाडी चालू असताना नको. त्यांना कुठल्या स्टॉपवर काय अडचण आहे हे तोंडपाठ असतं, फक्त त्यांना कोणी विचारत नाही.

याच टप्प्यावर व्हीलचेअर वापरणारी एक व्यक्ती आणि पांढरी काठी वापरणारी एक व्यक्ती सोबत घ्या. त्यांचा टॅक्सीचा खर्च आपण करायचा, वेळ त्यांच्या सोयीची घ्यायची. डोळ्यांवर पट्टी बांधून 'अनुभव घ्यायचा' कार्यक्रम मला स्वतःला आवडत नाही. पट्टी बांधलेला माणूस पाच मिनिटांत घाबरतो आणि त्याला वाटतं सगळंच अशक्य आहे. रोज काठीने फिरणारा माणूस तुम्हाला नेमकं सांगेल की हा खांब चालतो पण ती जाहिरातीची चौकट कंबरेच्या वरून सुरू होते म्हणून काठीला लागत नाही, थेट कपाळाला लागते.

तिसरं, मोजणी

आता टेप काढा. मिलिमीटरमध्ये मोजा, फुटात नको, कारण सरकारी कागद सगळे मिलिमीटरमध्ये असतात.

फूटपाथची मोकळी रुंदी. मोकळी म्हणजे खांब, झाड, फीडर पिलर (विजेची उभी पेटी), स्टॉल, शेल्टरचे पाय सगळं वजा करून जिथून माणूस खरंच जातो ती. पादचारी सोयींसाठीच्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी १०३ या मानकात किमान १.८ मीटर रुंद आणि २.२ मीटर उंच अशी अडथळा नसलेली पट्टी धरली आहे. मुंबईत अनेक ठिकाणी ती मिळणार नाही हे मलाही माहितीय, पण सर्वात अरुंद जागी ९०० मिमी तरी हवीच, त्याच्याखाली व्हीलचेअर नेणं अवघड होतं. आणि जिथे खुर्चीला वळायचंय तिथे १५०० मिमी व्यासाचं वर्तुळ मोकळं लागतं. शेल्टरच्या आत असं वर्तुळ बसतं का बघा, बहुतेक वेळा मधोमध बाकडं असतं.

फूटपाथची उंची. मानकात जास्तीत जास्त १५० मिमी. आपल्याकडे ठिकठिकाणी दुप्पट सापडेल. उलटंही सापडेल: रस्ता काँक्रीटचा झाला, पातळी वर आली, आणि फूटपाथ जवळजवळ रस्त्याला टेकला, मग पावसाचं पाणी थेट स्टॉपवर. हे दोन्ही लिहा.

रॅम्प आहे का, आणि त्याचा उतार. नियम १:१२, म्हणजे १५० मिमी चढायला १८०० मिमी लांब रॅम्प. इथेच एक गंमत आहे. तुमचा फूटपाथच १८०० मिमी रुंद असेल तर आडवा रॅम्प टाकल्यावर चालायला सपाट जागा उरतच नाही, सगळा फूटपाथ तिरका होतो. अशा वेळी फूटपाथच दोन्ही बाजूंनी लांबीत हळूहळू उतरवून क्रॉसिंगपाशी रस्त्याच्या पातळीला आणायचा. काँट्रॅक्टर हे स्वतःहून करत नाही, तो ६०० मिमीचा घसरगुंडीसारखा तुकडा लावतो आणि बिल काढतो.

बोलार्ड. बाइक चढू नयेत म्हणून फूटपाथच्या तोंडाशी जे खांब रोवतात, त्यांच्यातलं अंतर मोजा. ९०० मिमीपेक्षा कमी असेल तर बाइकबरोबर व्हीलचेअरही अडू शकते. २०२३ मध्ये एका व्हीलचेअर वापरणाऱ्या नागरिकाच्या ईमेलवरून मुंबई हायकोर्टाने याच बोलार्डबद्दल स्वतःहून जनहित याचिका दाखल करून घेतली होती, तेव्हा हा मुद्दा तुमच्या पत्रात जरूर घाला. १२०० मिमी ठेवले तर खुर्ची आरामात जाते. बाइकही जाईल हे खरं, पण बाइक थांबवणं हे पोलिसांचं काम आहे, ते खुर्चीवाल्याला अडवून करायचं नाही.

बाकाची उंची जमिनीपासून ४५० मिमीच्या आसपास हवी. तिरक्या नळ्यांचे जे टेकायचे बार असतात ते तरुणांना ठीक, गुडघे गेलेल्या माणसाला तिथे टेकलं की घसरायला होतं.

आणि शेवटचं मोजमाप बसचं. इथे बहुतेक जण चुकतात, कारण स्टॉप आणि बस ही एक जोडी आहे हे विसरायला होतं. बसच्या फरशीची उंची साधारण तीन प्रकारची असते: लो फ्लोअर ४०० मिमी, सेमी लो ६५०, आणि जुन्या पद्धतीची ९०० च्या आसपास. १५० च्या फूटपाथवरून ४०० च्या बसमध्ये २५० मिमीचा फरक उरतो. बसची एक मीटरची रॅम्पपट्टी टाकली तर उतार १:४ होतो, म्हणजे मागून ढकलायला माणूस लागणार, पण निदान जमतं. बस एका बाजूला झुकणारी असेल तर अजून सोपं. आणि हे सगळं बस कडेला लागली तरच. रस्त्यात उभी राहिली तर तेच ४०० मिमी थेट रस्त्यावरून चढायचे. ९०० वाल्या बसला तर रॅम्पपट्टीचा काही उपयोगच नाही, तिथे लिफ्ट लागते. म्हणून आपल्या स्टॉपवरून जाणाऱ्या कोणत्या नंबरवर कुठली गाडी येते त्याची यादी करा. एखाद्या रूटवर लो फ्लोअर गाडी मागायची असेल तर ती मागणी डेपोकडे, आणि ती फूटपाथ दुरुस्तीच्या मागणीपेक्षा वेगळ्या पत्रात.

चौथं, कोणाचं काय ते ओळखणं

सगळ्यात जास्त वेळ इथे वाया जातो. साधारण वाटणी अशी:

खांब, स्टॉपची जागा, शेल्टर, रूटचे बोर्ड हे बेस्टच्या वाहतूक विभागाकडे. फूटपाथ, रस्ता, कर्ब (फूटपाथची दगडी कड), गटाराची जाळी महापालिकेकडे, म्हणजे तुमच्या वॉर्ड ऑफिसचा मेंटेनन्स विभाग, आणि मोठं काँक्रीटीकरण चालू असेल तर रस्ते विभाग. फेरीवाले वॉर्डच्या अतिक्रमण निर्मूलन विभागाकडे, झाडाच्या फांद्या उद्यान विभागाकडे. पार्किंग आणि रिक्षा ट्रॅफिक पोलिसांकडे. दोन्ही एक्स्प्रेस हायवे २०२२ च्या शेवटी एमएमआरडीएकडून (महानगर विकास प्राधिकरणाकडून) महापालिकेकडे आले, त्यामुळे हायवेवरच्या स्टॉपसाठी आता जुन्या पत्त्यावर जाऊ नका. रस्त्यावरच्या दिव्यांचं वीज कंपनीवर अवलंबून: कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंत बेस्ट, उपनगरात बऱ्याच भागात अदानी, मुलुंड-भांडुपकडे महावितरण. मेट्रोच्या कामामुळे हलवलेला स्टॉप असेल तर मेट्रोचं प्राधिकरणही यात येतं.

एक स्टॉप आणि पाच-सहा ऑफिसं. म्हणून एकच मोठं पत्र सगळ्यांना पाठवलं की प्रत्येकाला वाटतं ते दुसऱ्याचं आहे. प्रत्येकाला त्याच्या वाट्याचे दोन-तीन मुद्दे, सोबत फोटो, बाकीच्यांना फक्त प्रत.

पाचवं, आधी फुकट आणि स्वस्त गोष्टी मागा

मोठं बांधकाम मागायच्या आधी हे मागा, कारण यातलं बरंचसं टेंडरशिवाय होतं.

खांब हलवणं. स्टॉपच्या जागा काही दगडावर कोरलेल्या नाहीत. मुंबईत पहिली बस १५ जुलै १९२६ ला अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट धावली, त्यानंतर ट्राम गेली, फ्लायओव्हर आले, मेट्रो आली, रस्त्यांचा नकाशा बदलला, पण स्टॉपची जागा जिथे होती तिथेच असं खूपदा असतं. सिग्नलच्या अगदी आधीचा स्टॉप असेल तर तो सिग्नल ओलांडून पलीकडे नेता येतो का बघा. सिग्नलआधी बस लोक घेते, दार बंद करते, तोवर लाल लागतो, पुन्हा कोणीतरी दारावर थापा मारतं. पलीकडे नेला तर बस एकदाच थांबते. फक्त स्टेशनच्या जिन्यापासून किंवा हॉस्पिटलच्या गेटपासून अंतर वाढत असेल तर हलवू नका, दोन सेकंदांसाठी पेशंटला रस्ता ओलांडायला लावण्यात काही अर्थ नाही. दोन जवळजवळचे स्टॉप एकत्र करण्याबद्दलही हेच. गाडी वेगात जाते हे खरं, पण आधी तिथे कोण उतरतं ते बघा.

पिवळ्या पट्ट्या. कडेने रंगवलेली बसची चौकट आणि 'बस थांबा, पार्किंग नाही' असं मोठ्या अक्षरात रस्त्यावरच. स्टॉपपाशी गाडी लावायला मनाई आहेच, पण रंग नसेल तर दंड मारणाऱ्यालाही कुठून कुठपर्यंत ते कळत नाही. रिक्षावाल्यांशी भांडू नका, त्यांना पुढे किंवा बाजूच्या गल्लीत जागा मागून द्या. स्टेशनबाहेर रिक्षा राहणारच आहेत, कुर्ला किंवा अंधेरीला बघितलंय ना.

जाहिरातीची चौकट. रस्त्याकडे तोंड करून शेल्टरमध्ये उभं राहिलं की बस आपल्या उजव्या हाताने येते. तर उजव्या बाजूचा पॅनेल पारदर्शक किंवा रिकामा हवा. तिथे साबणाची उजळ जाहिरात लावली की बस दिसत नाही, म्हणून सगळे शेल्टरच्या बाहेर येऊन रस्त्यात उभे राहतात, आणि मग आपण लोकांना शिस्त नाही म्हणतो. जाहिरात डाव्या बाजूला किंवा मागे हलवायला सांगा, उत्पन्न बुडत नाही.

कचऱ्याचा डबा, मोडलेला फोन बूथ, कापलेल्या खांबाचा बुंधा, जुन्या रेलिंगचे लोखंडी तुकडे. हे वॉर्डचा माणूस एका सकाळी काढू शकतो. यादी करून फोटोसकट द्या.

सहावं, मोठं काम कसं मागायचं

रस्त्याचं काँक्रीटीकरण येणार असेल तर तीच वेळ पकडा. खोदाई होणारच आहे, पातळी बदलणारच आहे, तेव्हा स्टॉपच्या १२-१५ मीटरच्या तुकड्यात कर्ब नीट उंचीचा, पाण्याचा उतार स्टॉपपासून लांब, आणि जाळी बसच्या दाराच्या जागेवर नको, हे ड्रॉइंगमध्येच घालायला सांगा. काम झाल्यावर हेच मागायला गेलात तर नवा रस्ता फोडायला कोणी तयार होत नाही. हिंदमाता किंवा गांधी मार्केटसारख्या पाणी साचणाऱ्या भागात असाल तर हे तर डोळ्यात तेल घालून.

बसची खाच की फूटपाथ पुढे? बऱ्याच जणांना वाटतं रस्त्याला आत खाच करून दिली की ट्रॅफिक मोकळं. मुंबईत माझं मत उलटं आहे. खाच केली की त्यात दहा मिनिटांत गाड्या लागतात, आणि बस आत गेली तर बाहेर यायला कोणी वाट देत नाही, म्हणून ड्रायव्हर आत जातच नाही. त्यापेक्षा जिथे कडेला पार्किंगची लेन आहेच तिथे फूटपाथच त्या लेनएवढा पुढे आणायचा. बस आपल्या लेनमध्ये सरळ थांबते, कडेला आपोआप लागते, गाड्या लावायला जागा उरत नाही, आणि उभं राहायला जादा फूटपाथ मिळतो. एकच लेन असलेल्या अरुंद रस्त्यावर मात्र हे करू नका, मागे सगळं तुंबेल.

टॅक्टाइल टाइल्स, म्हणजे त्या पिवळ्या उठावाच्या. ३०० मिमीच्या असतात, लांब रेघांची म्हणजे 'या दिशेने चला', ठिपक्यांची म्हणजे 'थांबा, पुढे धोका किंवा वळण'. रेघांची पट्टी चालायच्या वाटेवरून बसचं पुढचं दार जिथे येतं तिथपर्यंत आणायची आणि कडेच्या ३०० मिमी अलीकडे ठिपके. मुंबईत फिरलात तर दिसेल की अनेक ठिकाणी ही पट्टी थेट झाडात, खांबात किंवा पोलीस चौकीच्या भिंतीत जाते. ज्याला दिसत नाही त्याला सरळ भिंतीवर नेऊन आपटायची सोय. यापेक्षा टाइल्स नसलेल्या बऱ्या. अडथळा हलत नसेल तर पट्टी आधीच वळवा.

सातवं, माहिती

चलो ॲपवर बस कुठे आहे ते दिसतं, तिकीट पण काढता येतं. ९ मे २०२५ पासून किमान भाडं साध्या बसला १० आणि एसीला १२ रुपये झालं, आणि त्या दोन रुपयांच्या सुट्ट्यासाठी किती वेळ जातो हे बघायचं असेल तर गर्दीच्या वेळी कुठल्याही कंडक्टरच्या मागे उभे राहा. स्टॉपवर उभ्या उभ्या मोबाइल तिकीट काढायची सवय लागली तर गर्दीचा वेग खरंच बदलतो. पण ॲप आहे म्हणून खांबावरचा बोर्ड काढून टाकायचा नाही. आजोबांकडे साधा फोन आहे, कोणाचा चार्ज संपलाय, कोणी गावाहून पहिल्यांदा आलंय.

बोर्डवर काय हवं: स्टॉपचं नाव दुरून वाचता येईल एवढं मोठं, प्रत्येक रूटचा नंबर, शेवटचा स्टॉप आणि मधले दोन-तीन मोठे स्टॉप, पहिली आणि शेवटची बस. आकडे देवनागरीत आणि इंग्रजीत दोन्ही. बेस्टच्या बसवर समोर देवनागरी आणि बाजूला इंग्रजी आकडा ही जुनी पद्धत, पण बस समोरून येत असताना ज्याला देवनागरी येत नाही त्याला ती बाजूला येईपर्यंत कळत नाही, तोवर दार बंद. बोर्डवर दोन्ही आकडे शेजारी असले तर तो निदान जुळवून बघू शकतो. चकचकीत स्टीलवर कोरलेली अक्षरं उन्हात वाचता येत नाहीत, पांढऱ्यावर काळी किंवा काळ्यावर पिवळी ठेवा.

न दिसणाऱ्यांसाठी बसचा नंबर कळणं हाच मोठा प्रश्न. दिल्ली आयआयटीत तयार झालेल्या ऑनबोर्ड नावाच्या यंत्राची चाचणी मुंबईत बेस्टच्या बसवर झाली होती: हातातलं बटण दाबलं की जवळच्या बसचे नंबर ऐकू येतात, हवी ती निवडली की त्या बसच्या दारापाशी आवाज येतो. ते सगळीकडे येईपर्यंत निदान बसबाहेरचा स्पीकर चालू ठेवा आणि बस खांबापाशीच थांबवा एवढं मागता येतं. दुसरी बस मागे थांबून तिथूनच निघून जाते तेव्हा न दिसणाऱ्या माणसाला ती आली हेच कळत नाही. म्हणून जिथे तीन-चार बस एकदम येतात तिथे दोन वेगळे खांब, रूट वाटून. लाइनही मग आपोआप दोन होतात.

आठवं, अर्ज आणि पाठपुरावा

कायदा तुमच्या बाजूने आहे. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चं कलम ४१ वाहतुकीच्या सोयींबद्दल आहे. केंद्राची सुगम्यतेची मार्गदर्शक तत्त्वं २०२१ ची आहेत. आणि ८ नोव्हेंबर २०२४ ला राजीव रतुरी खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की सुगम्यतेचे नियम नुसत्या शिफारशी ठेवणं कायद्याला धरून नाही, बंधनकारक नियम करा. ही तीन वाक्यं पत्रात घाला, पण सुरुवातीला नको. सुरुवात मोजमापाने करा. असं काहीसं:

'महोदय, अमुक हॉस्पिटलसमोरच्या स्टॉपवर फूटपाथची उंची २९० मिमी आहे, रॅम्प नाही, बोलार्डमधलं अंतर ६२० मिमी आहे. सोबत फोटो आणि नकाशा जोडला आहे. विनंती: १) दोन बोलार्ड काढावेत, २) क्रॉसिंगपाशी १:१२ उताराचा रॅम्प करावा, ३) संयुक्त पाहणीसाठी तारीख द्यावी.'

तिसरी मागणी सगळ्यात कामाची. संयुक्त पाहणी म्हणजे वॉर्डचा इंजिनिअर, बेस्टचा वाहतूक अधिकारी, ट्रॅफिकचा माणूस आणि तुम्ही, एकाच वेळी स्टॉपवर. तिथे 'हे माझं नाही' म्हणायला जागा उरत नाही. व्हीलचेअरवाल्या सहकाऱ्याला त्या दिवशी नक्की बोलवा. पाहणी झाली की त्याच संध्याकाळी काय ठरलं ते ईमेलने सगळ्यांना लिहून पाठवा.

पत्र देताना पोच घ्या, शिक्का आणि आवक नंबरसकट. महापालिकेच्या १९१६ या हेल्पलाइनवर तक्रार केलीत तर तिचाही नंबर वहीत. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकार, १० रुपये फी, ३० दिवसांत उत्तर अपेक्षित. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द असा नियम आहे, त्यामुळे निबंध लिहू नका. विचारा की माझ्या अमुक तारखेच्या पत्रावर काय कार्यवाही झाली त्याची प्रत, त्या फूटपाथच्या शेवटच्या कामाचा कार्यादेश, आणि दोष दायित्व कालावधी कधी संपतो. हा शेवटचा प्रश्न भारी आहे, कारण तो कालावधी चालू असेल तर उखडलेले पेव्हर ब्लॉक काँट्रॅक्टरने स्वखर्चाने बसवायचे असतात. त्यानेही हललं नाही तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे, ऑफिस पुण्यात आहे, लेखी तक्रार करता येते.

काम सुरू झालं की

जा आणि उभे राहा. काँट्रॅक्टरच्या मुकादमाला चहा पाजा आणि टेप दाखवा. रॅम्पचं काँक्रीट ओतायच्या आधी फळीवरच उतार मोजायचा, ओतल्यावर कोणी तोडत नाही. रॅम्पच्या पायथ्याला रस्त्याशी मिळतो तिथे दोन-तीन सेंटीमीटरचा ओठ ठेवायची सवय असते, पाणी आत येऊ नये म्हणून. त्या ओठावर खुर्चीचं पुढचं छोटं चाक अडतं आणि माणूस पुढे कलंडतो. तो सपाट करून घ्या, पाण्यासाठी जाळी बाजूला. टाइल्स घासून गुळगुळीत झालेल्या नकोत, पावसात त्या जीवघेण्या. काम चालू असताना तात्पुरता खांब कुठे ठेवलाय तेही बघा, तो खोदलेल्या चराच्या पलीकडे नसावा.

झाल्यावर तीच जुनी वही काढून पुन्हा त्याच वेळांना उभे राहा आणि तेच रकाने भरा. आधी आणि नंतरचे आकडे शेजारी ठेवून एक पान डेपोला, एक वॉर्डला, एक ट्रॅफिकला द्या. पुढचा स्टॉप मागायला जाल तेव्हा हे पान बरोबर न्या. आणि पहिल्या पावसानंतर एक चक्कर मारा, जाळी तुंबलीय का, टाइल सुटलीय का, पिवळा रंग उडालाय का. रंग बहुतेक उडालेला असेल, त्याची तक्रार लगेच करा, कारण रंग गेला की तिथे पहिली रिक्षा लागते.